‘सेट’ची चार हजार कार्डं आणि औंधचं घर

मी, राजाराम नाथाजी इंगवले, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही. कोणाचा दाब नाही. उलट ‘आबा, एकदाचं लिहा’ म्हणून मुलगा दोन वर्षं मागं लागला होता, तेव्हा मी त्याला दाद दिली नाही.

आता लिहितोय त्याचं कारण वेगळं आहे. माझी मुलगी संयोगिता नऊ वर्षं या घरात आलेली नाही आणि माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चूक माझी आहे. मी गेल्यावर तरी तिनं या उंबऱ्याच्या आत यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

कलम १. पाझर तलावाखालची तीस गुंठे जमीन मुलगा ऋषिराज याला. त्याचं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं तो स्वतः ती कसणार नाही हे मला ठाऊक आहे. निदान तिथं ऊस लावायचा हट्ट तरी करू नये. त्या तलावात पाणी टिकत नाही हे मी घसा फोडून सांगितलंय, पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण!

कलम २. बँकेतली ठेव ऋषिराज आणि संयोगिता दोघांना निम्मी निम्मी. तेराव्याला जेवणावळ घालायची नाही. जिवंतपणी ज्यांनी मला ‘सेट मास्तर’ म्हणून चिडवलं, त्यांना माझ्या नावानं बुंदी वाढायचं काहीच कारण नाही.

कलम ३. माझ्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा दुसरा भाग आमच्या शाळेतले पी.टी.चे शिक्षक धनाजी सावंत यांनी अकरा वर्षांपूर्वी नेला, तो अजून त्यांच्याकडंच आहे. टीव्हीखाली लावलाय असं कळतं. ‘सेट म्हंजे व्हॉलीबॉलचा, त्यात एवढं काय बघायचं’, असं ते मला भर स्टाफरूममध्ये म्हणाले होते. तेही मी विसरलेलो नाही. ते या मृत्युपत्राला साक्षीदार आहेत, तेव्हा सही करण्याआधी त्यांनी हे कलम नीट वाचावं. ग्रंथ परत आला तर शाळेला द्यावा.

कलम ४. कार्डं. माडीवरच्या सात पत्र्याच्या पेट्यांत ती आहेत, एकूण चार हजार एकशे सोळा. ऋषिराज दर दिवाळीला विचारतो, “आबा, ही रद्दी कवा काढायची?” ती काय आहे हे आता एकदाच लिहितो, पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नाही.

१९८८ साली तपासणीला आलेल्या साहेबांनी मला वर्गासमोर ‘सेट’ या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहायला लावले. मी अकरा लिहिले. साहेब म्हणाले, “बाकीचे?” पोरं हसली. घरी येऊन शब्दकोश उघडला तर या तीन अक्षरी शब्दाला पानंच्या पानं दिलेली! आणि मुळात हा एक शब्दच नाही, दोन आहेत. एक जुन्या इंग्रजीतला, बसवणे किंवा ठेवणे या अर्थाचा. दुसरा लॅटिनमधला, फ्रेंचच्या वाटेनं आलेला, एकामागं चालणाऱ्यांचा गट या अर्थाचा. कपबशांचा सेट तो त्यातला. एकाच आडनावाची, नात्यात नसलेली दोन घरं शेजारी राहावीत आणि पुढं कोण कुणाचं हे त्यांनाच कळेनासं व्हावं, तसं झालंय.

आपल्याकडं दही लागतं, सिमेंट धरतं, हाड बसतं, सूर्य मावळतो, सापळा लावतात, ताटं मांडतात. इंग्रजाला एवढ्या सगळ्याला एकच शब्द पुरतो. बरं, पुरू दे! पण आपल्या माणसांनीही तो उचलला. पंपसेट आला, सोन्याचा सेट आला, परीक्षेच्या पेपरचा ‘ए’ सेट, ‘बी’ सेट आला. पोरगं पुण्यात ‘सेट’ झालं आणि ग्रामपंचायतीत ‘सेटिंग’ लागलं. हे मी सातारा-सांगलीतल्या माणसांच्या तोंडून गोळा केलं. नियम एकच ठेवला: वाक्य स्वतःच्या कानानं ऐकलेलं पाहिजे, आणि कार्डावर बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख पाहिजे. म्हणून खिशात कायम पेन आणि कोरी कार्डं. लग्नात, मयतीत, एस.टी.त, दवाखान्यात, कुठंही मी माणसाला मध्येच थांबवून लिहून घ्यायचो. माझी पत्नी लक्ष्मीबाई कपाळाला हात लावायची. ती तेरा वर्षांपूर्वी गेली, आणि मग मला अडवणारं कोणीच उरलं नाही.

पेट्या एका कॉलेजला देऊ केल्या होत्या. त्यांनी ‘जागेअभावी’ असं एका ओळीत कळवलं. त्या ओळीतही शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या.

कलम ५. कार्ड क्रमांक २९०४. त्यावर लिहिलंय: “मी तिथं सेट न्हाई व्हायची.” बोलणारी संयोगिता, गाव औंध, तारीख १९ मे २०१६. खाली माझी टीप: ‘सासरी रुळणे. नकारार्थी प्रयोग, प्रथमच.’

त्या दिवशी दुपारी ती तासगावहून, सासरहून, एकटी आली होती. हातात एकच पिशवी. मी बाहेरच्या सोप्यात कार्डं लावत बसलो होतो. तिनं चपलाही काढल्या नव्हत्या, तेवढ्यात ती म्हणाली, “आबा, मी तिथं सेट न्हाई व्हायची.” पुढं आणखी काही बोलत होती. मी हात वर केला आणि म्हणालो, “थांब. परत म्हण.”

तिनं परत म्हटलं. तेवढंच, सावकाश, मला लिहून घेता येईल असं. मी लिहिलं, तारीख घातली, टीप लिहिली. मान वर केली तेव्हा ती आत पाणी पीत होती. नंतर पिशवी उचलून दोनच्या एस.टी.नं निघून गेली. मला वाटलं, सहज आली असेल. इतका गाढव मी! चार महिन्यांनी तिनं सासरचं घर सोडलं आणि मिरजेत एका लॅबमध्ये नोकरी धरली. ऋषिराजच्या वास्तुशांतीला समोर आली, तेव्हा माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

वाक्याचा पुढचा भाग माझ्या कार्डावर नाही. माझ्या कानातही नाही. नऊ वर्षं आठवतोय.

म्हणून असं ठरवतो की औंधचं राहतं घर संयोगितेला मिळावं, मात्र तिनं स्वतः इथं येऊन, ते कार्ड घेऊन, उरलेलं वाक्य त्याच्या पाठीमागं लिहावं.

कलम ६. वरचं पाचवं कलम मंगळवारी लिहिलं. बुधवारी कच्चा मसुदा घेऊन वडूजला वकीलबाई शिवांजली घार्गे यांच्याकडं गेलो. माझी विद्यार्थिनी आहे. व्याकरणात कच्ची होती, बाकी हुशार. तिनं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “सर, असली अट कोर्टात टिकंल का न टिकंल, ते नंतर बघू. पण मेल्यावर कशाला बोलवताय तिला? आत्ता जाऊन या की.”

मला रागच आला. नऊ वर्षांत हे मला सुचलं नसेल का? सुचलं होतं. भीती वाटत होती. तिनं दार उघडलं नाही तर, याची.

काल गुरुवारी मिरजेला गेलो. तिनं दार उघडलं. पहिल्यांदा माझ्या खिशाकडं बघितलं आणि विचारलं, “पेन कुठाय?” म्हटलं, घरी ठेवून आलोय. मग आत घेतलं आणि चहा ठेवला. मी विचारलं, त्या दिवशी पुढं काय म्हणत होतीस? तिनं गॅस बारीक केला आणि समोर येऊन बसली. मग सांगितलं. माझा चांगला कान तिच्याकडं करून, मधे एकदाही न बोलता, मी सगळं ऐकलं. शेवटी ती म्हणाली, “हे कुठं लिवून ठिवू नका, आबा.”

म्हणून ते इथं लिहिलेलं नाही. पण तिनं काय मागितलं होतं, ते पुढच्या ओळींवरून कोणालाही कळेल.

पाचव्या कलमातली अट रद्द. औंधचं घर संपूर्णपणे संयोगितेचं, कोणत्याही अटीशिवाय. त्यातली मधली खोली मात्र माझ्या मरणापर्यंत अडकवून ठेवायची नाही, ती आजपासूनच तिची. केव्हाही यावं, कितीही दिवस राहावं, का आलीस असं तिला कोणी विचारायचं नाही. मीही नाही. ही खोली तिला नऊ वर्षांपूर्वी, त्या दुपारीच द्यायला हवी होती. पोरी, मी चुकलो.

येईन असं ती म्हणाली नाही. येणार नाही, असंही म्हणाली नाही. निघताना घराची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. जिना उतरून खाली रस्त्यावर थोडा वेळ उभा राहिलो. ती किल्ली परत द्यायला खाली आली नाही.

याआधीचं माझं कोणतंही लिखाण मृत्युपत्र समजू नये, हेच खरं धरावं. सही करताना दोन्ही साक्षीदार समोर होते, आणि त्यांच्या सह्या होताना मी.

सही: राजाराम नाथाजी इंगवले

साक्षीदार:
१. धनाजी सावंत, औंध (कलम ३ वाचलं. ग्रंथ सोमवारी आणून देतो.)
२. बिराप्पा कोळेकर, औंध, शेजारी

स्थळ: औंध
दिनांक: शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५