दिवाणजींच्या पाण्यातला मोतीबिंदू

दहिवली, कर्जत
श्रावण वद्य दशमी

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांशी धाकट्या हरीचं डोकं. हात नुकतेच पुसून लिहायला बसलोय, तेव्हा कागदाच्या कडेला ओल दिसली तर ते पाणी टाकीचं समजावं, काळजीचं नव्हे. तुमच्या डोळ्याची ठणक कमी झाली का? ऑपरेशनला पावसाळा संपू द्या असं मी म्हणत होतो, पण मोतीबिंदू पिकला म्हटल्यावर डॉक्टरांपुढे आपण काय बोलणार! मान हलवू नका म्हणाले असतील तर हलवू नका. सुचेता भाकरी जाड थापते, पण लेकीच्या हातची आहे, चावून खावी. इकडे सगळं क्षेम आहे. चारुलता बरी आहे, शाळा बरी आहे, उल्हास नदी दोनदा पुलाला टेकून परत गेली. तुमची टाकीही बरी आहे. म्हणजे आता बरी आहे.

अक्षर एवढं ढब्बू का, असं सुचेता विचारेल. माझं शाईचं पेन गळतंय, म्हणून शाळेतले तक्ते लिहायच्या जाड पेनाने लिहितोय. (सुचेता, कंसातलं मी पेन्सिलीने बारीक लिहिणार आहे. ते फक्त तुझ्यासाठी. वडलांना वाचून दाखवायचं नाही. कंस आला की घसा खाकरायचा आणि पुढे जायचं.)

तर टाकी. मे महिन्यात तुम्ही ती अलिबागहून पिंपांसकट टेंपोत घालून माझ्या दारात आणून उतरवलीत, त्या दिवसापासून मी ओसरीत जपून चालतोय. कर्जतला समुद्राचं पाणी, समुद्राची वाळू, पोवळ्यांचे दगड, दगडाला चिकटलेलं ते समुद्रपुष्प आणि त्याच्या हातांत लोळणारे तुमचे केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे दिवाणजी! मासा आहे असं सांगितलं तरी लोकांना पटत नाही, कुणीतरी रंगवून सोडलाय म्हणतात. जाताना तुम्ही काचेवर पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलंत. त्यावर चार ओळी. हवेचा पंप बंद पडू देऊ नकोस. सुक्या जवळ्याची पूड रोज चिमूटभर, जास्त नाही. दगडावरची घाण धुऊ नकोस, ती कामाची आहे. आणि शेवटची ओळ खाली रेघ मारून: हऱ्या, बाकी काही करू नकोस. डोळ्याची पट्टी निघाली की पहिल्यांदा मला दिवाणजी बघायचेत, असंही टेंपोत बसताना म्हणालात. अण्णा, तुम्ही ते सहज बोलून गेलात. मी तेव्हापासून नीट जेवलो नाही.

आता मला सांगा, ‘काही करू नकोस’ हे काम तुम्ही मला कसं दिलंत? बाबा गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत. पेरलेली मेथी उगवली का ते बघायला रोज उकरून काढणारा मी! जून आणि जुलै मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. दर तासाला उठून बघायचो. चारुलता म्हणायची, अहो, मासा तुम्हाला बघून दमला. तरी मी हात लावला नाही. शपथ घेऊन सांगतो, नारळी पौर्णिमेपर्यंत पाणी इतकं नितळ होतं की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता यायचं.

घात झाला तो नारळी पौर्णिमेला. तुमच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या गौराबाई तुम्हाला माहीत आहेत. त्यांचं सासर कशेळ्याकडचं, पण माहेर पेणच्या खाडीकाठचं. लग्न होऊन इकडे डोंगराच्या पायथ्याशी आल्यापासून पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचं त्यांचं राहून जातं, याची त्यांना केवढी खंत. यंदा त्यांनी टाकीकडे बोट दाखवून चारुलतेला विचारलं, “वैनी, दर्या घरात हाय आनि नारळ नाय? आसं कुटं आसतं का गं?” दुपारी आळीतल्या नऊ बायका हळदकुंकू घेऊन ओसरीत. सोनेरी कागद लावलेला नारळ. आरती झाली. मग गौराबाईंनी नारळ वाढवला, त्याचं सगळं पाणी टाकीत ओतलं, वर गूळखोबऱ्याचा मुठीएवढा नैवेद्य सोडला. मी त्या वेळी शाळेत होतो. (सुचेता, शाळेला सुट्टी होती. पण तू पुढे वाच.)

अण्णा, गोड पदार्थ पाण्यात पडला की जिवाणू माजतात आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, हा धडा मी आठवीला अठरा वर्षं शिकवतोय. पण घरात घडेपर्यंत धडा कुणाला कळतो? दुसऱ्या दिवशी पाण्यावर धुरकट साय. तिसऱ्या दिवशी ताक. गोकुळाष्टमी येईपर्यंत टाकी म्हणजे दह्याची हंडी झाली होती, आणि दिवाणजी आत कुठे आहेत, आहेत की नाहीत, काही दिसेना. पाण्यालाच मोतीबिंदू झाला म्हणा ना! पावसाळ्यात अलिबागचं पाणी गढूळ आणि अर्धं गोडं, म्हणजे नवं आणायची सोय नाही. तुम्ही भरून ठेवलेले चार कॅन, एवढाच काय तो शिल्लक समुद्र.

अशा वेळी शहाण्या माणसाने कार्ड वाचलं असतं. मी वाचलं. दिवसातून वीसदा वाचलं. आणि मग जे केलं ते असं. दिवाणजींना अशक्तपणा आला असेल म्हणून चिमटीऐवजी चमचाभर जवळा टाकला, वर उकडलेल्या अंड्याचा बलकही चुरला. पाणी आणखी दाट झालं. मग वाटलं, दोष पंपाच्या गाळणीतल्या लोकरीत असणार. ती काढून नळाखाली खसाखसा धुतली, आणि हात फिरतोच आहे तर दोन दगडही नारळाच्या काथ्याने घासले. अगदी पांढरेशुभ्र निघाले! चारुलतेला कौतुकाने दाखवायला गेलो, तर तिने काचेवरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ती घाण म्हणजे पाणी निवळवणारे चांगले जिवाणू, हे मला त्या क्षणी आठवलं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो. (शंखात राहणारा तो बारका खेकडा त्याच दिवशी गेला. हे वाचायचं नाही म्हणजे नाही. त्याला मी तुळशीपाशी पुरलंय.)

सल्ले मात्र मागावे लागले नाहीत. आमचे शेजारी गजाभाऊ रेल्वेत आहेत, ठाकुरवाडीच्या थांब्यावर त्यांची ड्यूटी. ते म्हणाले, मास्तर, तुरटी फिरवा, आमच्या विहिरीचं पाणी एका तासात निवळतं. मी तुरटीचा खडा हातात घेऊन टाकीपर्यंत पोचलोही होतो. चारुलतेने तो काढून घेतला आणि माझ्या दाढीच्या डब्यात ठेवला. आळीतल्या पोस्टमास्तरीणबाईंनी लिंबू सुचवलं. कुणी म्हणालं, मिठाचं पोतं आणून परसात नवा समुद्र करा. मी वाण्याकडे निघालो होतो. मला पायरीवरून परत आणलं.

आणि अष्टमीच्याच दिवशी, भर पावसात, सकाळी सकाळी वीज गेली. पंप थांबला. पहिल्यांदाच त्या पांढऱ्या पाण्यातून दिवाणजी वर आले, अण्णा, आणि तोंड वर करून हवा गिळायला लागले. चारुलता पदर खोचून ओगराळ्याने पाणी उचलून वरून सोडायला लागली, म्हणजे तेवढीच हवा मिसळेल. मी सायकलचा पंप आणला, पण नळी तीनदा निसटली. शेवटी गजाभाऊंनी हवा भरलेली ट्रकची ट्यूब डोक्यावरून आणली. चौक गावच्या गॅरेजवाल्याची जुनी. वाल्वला सलाईनची नळी बांधली, दुसरं टोक टाकीत सोडलं, आणि ट्यूबवर बसले. बुडबुडे सुरू! दीड तास ते बसले, मग मी, मग गौराबाई. वीज आली दुपारी दोनला. तोवर त्या ट्यूबवर आळीतली अर्धी माणसं बसून गेली होती. कर्जतच्या दर्याला कर्जतने अशी हवा घातली.

त्या दिवसानंतर चारुलतेने कायदा हातात घेतला. माझ्या हातात सहामाहीच्या सरावाचे एकशे बारा पेपर दिले, खुर्ची परसदारी नेऊन ठेवली, आणि टाकीपुढे गौराबाईंना राखणीला बसवलं. त्यांना हुकूम एकच, मास्तर उठले की हाक मारायची. मी पाण्याच्या निमित्ताने उठलो, त्यांनी हाक मारली. चष्म्याच्या निमित्ताने उठलो, हाक मारली. “मास्तर, बसा वो गप! तुमीच त्येचा जीव घेऊन ऱ्हायलाव!” दीड दिवस मी नुसता बसलो. आयुष्यात एवढे कष्ट केले नव्हते. आणि अण्णा, काल दुपारी टाकीच्या मागचं कॅलेंडर पुसट दिसलं. आधी तारखांचे लाल आकडे, मग काळे. आज सकाळी दिवाणजी त्यांच्या फुलात लोळत होते, थोडे वाळलेत, पण ऐट तीच. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. ओळखलं म्हणजे!

तर असा हा वृत्तांत. तुम्ही शांत पडून राहा, डॉक्टरांचं ऐका आणि धाकट्या भावावर विश्वास ठेवा.

तुमचा, टाकीपासून सात पावलांवर बसवलेला,
हरी

ता. क. १ : गौराबाईंनी वरचं सगळं चारुलतेकडून वाचून घेतलं, आणि नारळाच्या ठिकाणी त्यांनी डोळ्याला पदर लावला. आठ दिवस त्या बाईने जेवणात मासळी घेतली नव्हती, अण्णांच्या माशाला आपलं कुंकू बाधलं म्हणून. तेव्हा खरं लिहायला हवं. गौराबाईंनी फक्त आरती केली, काचेला कुंकू लावलं आणि नारळ माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मास्तर, ह्यो नदीत सोडा, हितं नको, मासा मरंल. एवढी अक्कल त्यांना होती. पण आदल्या दिवशी तुमचं ऑपरेशन झालं होतं आणि सुखरूप असल्याची तार आली नव्हती. मी पोस्टात चार खेपा घातल्या होत्या. बायका गेल्या, मी ओसरीत एकटाच, हातात नारळ, समोर समुद्र. अठरा वर्षं शास्त्र शिकवणाऱ्या मी तो नारळ उंबऱ्यावर फोडला, सगळं पाणी ओतलं, गूळही सोडला, आणि म्हटलं, माझ्या अण्णांचे डोळे परत दे. तार दुसऱ्या दिवशी आली. पाणीही दुसऱ्याच दिवशी बिघडलं. म्हणजे नवस पोचला, असं गौराबाई म्हणतात. खरं कळल्यावर आधी त्या मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही, मग मात्र खूप हसल्या.

ता. क. २ : सुचेताला मी वेगळं कार्ड टाकलंय. द्वादशीला पट्टी निघणार, तात्पुरता चष्मा मिळणार, हे तिनेच कळवलं होतं. हे पत्र त्याच दिवशी पोचेल अशा बेताने टाकतोय, आणि ते न वाचता तुमच्या हातात द्यायचं, असं तिला बजावलंय. म्हणजे आत्तापर्यंत कुणीही घसा खाकरलेला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर असतो तसाच तक्ता मी केलाय, अण्णा. वर मोठी अक्षरं, कंसात बारीक. माझं शाईचं पेन मुळीच गळत नाही.

ता. क. ३ : आता एकच मागणं. कंसातलं वाचता आलं असेल तर खेकड्याचं तुम्हाला कळलंच असेल. मग एक पोस्टकार्ड घ्या आणि तुमच्या हाताने, जमेल तेवढ्या वाकड्या अक्षरांत, दोनच शब्द लिहून पाठवा: हऱ्या, गाढवा. मी पोस्टाच्या पायरीवर बसून वाट बघतोय. बाकी काही करणार नाही.