कान पिळायला कोण

सदाशिव पेठ, पुणे
५ नोव्हेंबर

चि. नीरजा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू गप्प होतेस आणि मी चिडते, म्हणून लिहिते आहे. स्पृहाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. मजकूर तुझ्या बाबांनी तपासला, म्हणजे छापखानेवाला पुन्हा आपलं काम घेणार नाही इतका तपासला.

आता अवघड ते. स्पृहाच्या होणाऱ्या सासूबाईंनी, द्वारकाताईंनी, बैठकीत तुझी चौकशी केली आणि माझ्या तोंडून गेलं, की जावई कॅनडात असतात. थोरलीचा घटस्फोट झालाय म्हटल्यावर धाकटीचं जमलेलं मोडेल, याचीच मला धास्ती. तेव्हा तू लग्नाला ये, पण तेवढ्या दिवसापुरतं मंगळसूत्र घाल. लाजाहोमात नवरीला लाह्या देण्याचा आणि नवऱ्याचा कान पिळण्याचा मान भावाचा. तुम्हाला भाऊ नाही, म्हणून तुझ्या वेळेसारखंच मावसभाऊ अभय ते करेल.

रागावू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझी
आई

खराडी
९ नोव्हेंबर

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जावयाला थेट कॅनडात धाडलंस; माझ्याबरोबर तो कधी खडकवासल्याच्या पुढे आला नाही.

रुखवत मी करते आहे, स्पृहाबरोबर पाठवीन. मी मात्र येणार नाही. मंगळसूत्र काढलं तेव्हा तूच शेजारी बसून म्हणाली होतीस, की काढ आता. ते पुन्हा घाल असंही तूच सांगावंस, याचं मला फार वाईट वाटलं. कोणी विचारलं तर मला ताप आलाय म्हण.

एकच सांगते. बहिणीला त्रास दिलास तर गाठ माझ्याशी आहे, एवढं नवऱ्याला बजावायला कान पिळतात. माझ्या वेळी अभयदादाने पिळला, फोटो काढून घेतला आणि मी मार खाऊन माहेरी आले तेव्हा तो फिरकलासुद्धा नाही. स्पृहाच्या नवऱ्याचा कान तरी पुढे जाब विचारणाऱ्या माणसाने पिळावा.

बाबांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
नीरजा

सदाशिव पेठ, पुणे
१६ नोव्हेंबर

चि. नीरजा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी स्पृहाला वाचायला दिलं. ती शांतपणे म्हणाली, "लाह्या ताई देईल. नाहीतर मी लाजाहोमाला उभी राहणार नाही." बाबांनी पेपर खाली ठेवला, पण माझी बाजू घेतली नाही.

काल एकटीच द्वारकाताईंकडे जाऊन सगळं सांगितलं. समोरचा चहा निवून गेला. त्या म्हणाल्या, "घटस्फोटाचं आम्ही समजून घेतलं असतं. तुम्ही खोटं बोललात, त्याचं काय करायचं?" लग्न मोडलेलं नाही. मात्र तू लाह्या देणार असशील तर त्यांच्या नणंदबाई येणार नाहीत, असं त्यांनी आज कळवलं. मी म्हटलं, त्यांचं पान मांडणार नाही. गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, बहिणीने दिल्या काय नि भावाने दिल्या काय, लाह्या त्याच.

तू ये. गळ्यात तुला वाटेल ते घाल, नाहीतर काहीच घालू नकोस. कान पिळताना मांडवात सगळे हसतील, तुझ्या वेळी मीही हसले होते. तू हसू नकोस, चांगला जोरात पिळ. मी तुझ्या शेजारी उभी असेन.

वाट पाहणारी
आई