दिगू सतरंजीला का भितो

ती. अण्णांस,

बैठकीत सतरंजी अंथरली की दिगू किंचाळत परसात पळतो. तीच सतरंजी दोरीवर वाळत असली, तर तिच्याखाली शांत बसून राहतो. आत्या म्हणते, "त्याला तुझं लग्न बघवत नाही गं!" मला ते पटले नव्हते; ज्याला स्वतःचे नावही उच्चारता येत नाही, त्याला माझ्या लग्नाचा मत्सर कसा वाटेल? पण दुसरे कारणही सापडत नव्हते.

आज शाळा लवकर सुटली. मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरून तयार होती आणि दिगू कोठीतल्या खांबाला बांधलेला होता. तोंडात पंचा कोंबलेला होता. मागच्या दोन्ही वेळी पाहुणे आले तेव्हा तुम्ही मला सांगितलेत, की त्याला शेजारी पाठवले आहे. त्याच्या घोट्यावर दोराचे जुने वळ आहेत. गाठ मी सोडली आहे.

त्याला घेऊन मी येरमाळ्याला मावशीकडे जाते आहे. पाहुण्यांना सांगावे, की मुलीला एक भाऊ आहे आणि तो बोलत नाही. चालत असेल तर त्यांनी पुन्हा यावे; दिगू माझ्याशेजारी बसेल.

तो सतरंजीला भितो, कारण ती अंथरली की तुम्ही त्याला बांधता.

वनमाला