बहात्तर पायऱ्या

२ जानेवारी

चि. धाकट्यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. चिमणी तुझ्याशी फोनवर बोलली आणि तुझे प्रताप तिने मला पाटीवर लिहून दाखवले. कान गेल्यापासून माझं जग त्या पाटीएवढं झालंय, म्हणून फोन सोडून पत्र लिहिते आहे. मामा दुपारीसुद्धा पलंगावरच असतो म्हणे, आणि वाचनालयाची पुस्तकं महिनाभर बांधणीची वाट बघत पडली आहेत.

आमची भावजय गेली त्याला दीड वर्ष झालं. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, आणि डॉक्टर म्हणतात गुडघा ठणठणीत आहे. म्हणजे दुखणं गुडघ्यात नाही. मला ते कळत नाही असं समजू नकोस, पण पडून राहून ती परत येणार नाही.

माझं तुला ठाऊकच आहे. हृदय थकलंय, जिना बंद. आणि जिना तरी कसला, आमचं कपाट दोर बांधून खिडकीतून वर घ्यावं लागलं. खुर्चीत बसवून मला खाली आणणं किंवा तुला वर नेणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. या घरी आल्यापासून दोन वर्षांत मी तुझं तोंड पाहिलेलं नाही.

तेव्हा पैज. माझ्या दारापर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत. तू वरच्या फळीची पुस्तकं काढायला जो लाकडी ठोकळा वापरतोस, त्यावर उद्या एकदा चढायचं नि उतरायचं. परवा दोनदा. रोज फक्त एक जास्त. पंधरा मार्चला बहात्तर होतील, त्या दिवशी तू इकडे यायचंस. माझीही पैज आहे. पलंगापासून दारापर्यंत माझी चौदा पावलं, सध्या चार होतात. दार मी स्वतः उघडणार.

आकडा पत्रात कळवत जा. खाडा झाला तर खाडा लिही. तीस वर्षं मुलांकडून कवायत करून घेतली आहे, तू एकटा मला जड नाहीस.

माया आहेच, ती वाढवायची तर ऊठ.

तुझी आक्का

१३ जानेवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं. बाई रिटायर झाल्या तरी शिट्टी खाली ठेवत नाहीत, हे समजलं.

आज अकरा. पाचव्या दिवसापासून गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. आठव्या दिवशी मांडी भरून आली, तर काल ठोकळाच हलला आणि मी शेल्फाला मिठी मारली. मग चार पुस्तकं डोक्यावर. ठोकळ्याखाली आता पुठ्ठ्याची पाचर मारली आहे. सकाळी खळ शिजत असते तेवढ्या वेळात उरकून घेतो, म्हणजे विसरायला होत नाही. दोन पुस्तकं शिवूनही झाली.

ती असती तर माझी ही माकडउडी बघून हसली असती. नवव्या दिवशी हे मनात आलं आणि मी ठोकळ्यावरच बसून राहिलो. पण नऊ पुरे केले.

चिमणीला आशीर्वाद. तुझी पावलं कळव. लोभ आहेच, त्यात भर पडत राहो.

धाकटा

२० फेब्रुवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. आज एकोणपन्नास. सगळं उत्तम चाललं आहे. तब्येत छान, काम छान. काळजी नसावी.

धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र इतकं छोटं आलं की पाकिटात अजून काही राहिलंय का म्हणून मी ते झटकून पाहिलं.

मी अकरा पावलांवर आहे. मधे खिडकीशी खुर्ची ठेवली आहे, तिथे दम खाते. चिमणी औषधाच्या दुकानात जायच्या आधी मला चालवते आणि पाटीवर आकडा लिहिते. परवा बारा लिहिले होते, मी पुसून अकरा केले. शेवटचं पाऊल तिने ओढलं होतं.

पंधरा तारखेला दुपारी चारपर्यंत पोच. दोन वर्षांत केस किती उरले आहेत ते बघायचंय. दाराची कडी घट्ट झाली होती, चिमणीने तेल घालून माझ्या हाताला चालेल अशी सैल करून दिली.

जीव लावलाच आहेस, आता पायही लाव.

तुझी आक्का

१६ मार्च

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. काल ऐन वेळी बस रद्द झाली. फार वाईट वाटलं. थोड्या दिवसांनी जमवतो. तुला त्रास झाला असेल तर क्षमा कर.

धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. सोबत तुझी टोपी पाठवते आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी आणून दिली. एक जाडसर गृहस्थ कठड्याला लोंबकळत वर आले, त्यांच्या दाराशी अर्धा तास बसले, दोन पेले पाणी प्यायले आणि वर न येता परत गेले, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. टोपी तिथेच राहिली. आतून अस्तराला जुन्या वहीच्या पाठीचं कापड लावलेलं आहे. असं अस्तर जगात एकच माणूस लावतो.

चार वाजता मी दारात होते. चौदा पावलं चालले. कडी काढली आणि चौकट धरून उभी राहिले. ऐकू येत नाही, म्हणून जिन्याकडे डोळे लावले होते. मग चिमणीने मला आत नेलं.

रागावले नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल, आणि खोटं आपल्यात आता पुरे झालं. पण चूक माझीही आहे. तुझ्या अकरानंतर गुडघा, मांडी, ठोकळा सगळं एकदम दुखायचं थांबलं. मुलाची तक्रार संपली की तो कवायत चुकवतोय, हे मी वर्गात पहिल्या महिन्यात ओळखत असे. तुझं ओळखलं आणि गप्प बसले. म्हटलं मला वाटतंय ते चुकीचं असेल. तारीख बदलायला हवी होती, ती बदलली नाही.

आता पहिल्यापासून. उद्या एक. मला बहात्तरच हवेत असं नाही, खरा आकडा हवा. फक्त वेळ लावू नकोस. डॉक्टर चिमणीशी बोलताना मला ओठ दिसू नयेत म्हणून पाठ करून उभे राहायला लागले आहेत.

तुझ्यावरची माया टोपीबरोबर परत येते आहे, दोन्ही सांभाळ.

तुझी आक्का

२६ मार्च

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तोंड दाखवायला जागा नाही, पण पत्राला तोंड लागत नाही म्हणून लिहितो.

बाराव्या दिवशी आमच्या लग्नाची तारीख होती. मी उठलोच नाही. तेराव्या दिवशी ठोकळ्याकडे बघवेना. तुला खाडा लिहिला असता तर तू रागावली असतीस आणि सगळं सुरळीत झालं असतं. पण तुझी चार पावलं डोळ्यांसमोर होती. आजारी बहीण चार चालते आणि मला एक जमत नाही, हे लिहायची लाज वाटली. म्हणून बारा लिहिले. मग तेरा लिहिणं आणखी सोपं गेलं. आकडे रोज वाढत गेले आणि मी पलंगावर.

तुझ्या जिन्यात मी कठडा ओढत छत्तीस चढलो. वर पाहिलं तर अजून तेवढाच जिना. दार उघडं होतं, उजेड खालपर्यंत आला होता. तू दारात आहेस हे मला कळलं होतं, आक्का. तरी मी परत फिरलो.

काल एक. आज दोन. गुडघा दुखतो आहे.

धाकटा

२ मे

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. अक्षर चिमणीचं आहे, मजकूर माझा. ती मधे मधे स्वतःची वाक्यं घुसवते, ती तू ओळखून वगळ.

तुझी अडतीसची तक्रार वाचून फार बरं वाटलं. पोटरीत गोळा, ठोकळ्याची पाचर निसटली, शेजारी विचारतात ठोकठोक कसली. असंच लिहीत जा.

माझं सांगायचं तर गेल्या आठवड्यात नऊ, मग सहा. काल पलंगावर बसून पाय खाली सोडले, तेवढंच. आजही तेवढंच. चिमणी म्हणते हा आकडा लिहू नको, मामाचा धीर खचेल. मी म्हटलं, लिही. शून्य.

तू घाई करून पडू नकोस. एकावर एकच वाढव. कडी आता चिमणी काढेल.

लोभ होता तेवढाच आहे, शून्यावर आलेला नाही.

आक्का

२० जून

ती. मामास,

सा. न. वि. वि. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर मला रडू येतं. शिवणकामवाल्या बाई दूध आणून देतात. दुकानात रजा टाकली होती, ती संपूनही आठवडा झाला. चोवीस मेपासून मी खाली उतरलेले नाही. त्या दिवशी आईला पोचवून जी वर आले ती आलेच. जिन्याकडे पाहिलं की आईला नेताना दिसतात.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी आईला चादरीत घालून उतरवत होते आणि तू तिसऱ्या मजल्याच्या वर भिंतीला चिकटून उभा होतास. मागे सरायला जागा नव्हती. आई तुझ्या छातीला घासून गेली. तू तिच्या पायांवर हात ठेवलास आणि मग आमच्या मागून खाली आलास. इतका वर आला होतास, तर तिथेच का थांबला होतास? फोन तर मी तुला पहाटेच केला होता.

पलंगाशेजारचं कॅलेंडर काढलं. आईने तुझे आकडे रोज त्यावर लिहिले आहेत. पहिले अकरा शाईने. मग पंधरा मार्चपर्यंत पेन्सिलीने, फिकट. पंचवीस मार्चपासून पुन्हा शाईने. शेवटच्या आठवड्यात तिने मला तिचा हात धरून लिहायला लावलं.

तुझी चिमणी

२५ जून

चि. चिमणीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तू विचारलंस ते बरं केलंस. इतर कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी माझा एकसष्टावा दिवस होता. चढताना मोजत होतो. चोपन्नला तिसरा मजला आला, मग सात. एकसष्टला पाय उचलेना. म्हटलं इथे दम खाऊ, अजून अकरा आहेत, आक्का कुठे जाते. फोनवर तू नुसतं ये म्हणाली होतीस, बाकी मी समजून घेतलं नव्हतं. तेवढ्यात वरून पावलं वाजली.

आधीचे अकरा मी खरे केले होते, चिमणे. ते सोडून दिले नसते तर पंधरा मार्चला ती दारात उभी असताना मी वर पोचलो असतो. कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेले दिवस तिचे होते, आणि ते मी पलंगावर घालवले. याला औषध नाही. तुझ्या दुकानातही नसेल.

तिचं घर मी अजून पाहिलेलं नाही. पण ठोकळा सोडलेला नाही. खळ शिजत ठेवतो आणि चढतो. चार जूनला बहात्तर झाले. कोणाला कळवायचं ते समजेना, म्हणून पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. तेव्हापासून रोज बहात्तर, काल सत्तर, कारण डावा गुडघा सुजला आहे.

आता तुझं. उद्या सकाळी दूध घेतलंस की दाराबाहेर ये आणि एक पायरी उतर. एकच. परत वर जा, हवं तर रड. परवा दोन. ज्या दिवशी तिची आठवण येऊन पाय उचलणार नाही, त्या दिवशी खाडा लिही, मी ते पत्र जपून ठेवीन. बहात्तराव्या दिवशी तू खाली येशील तेव्हा मी जिन्याच्या तोंडाशी उभा असेन. मग दोघं मिळून वर जाऊ. येताना दार नुसतं ओढून घे, कुलूप घालू नकोस. तिने स्वतःच्या हाताने उघडली, ती कडी मला बघायची आहे.

आकडा रोज कळव. दुखत असेल तर तेही लिही. तक्रार नसलेलं पत्र मी पेन्सिलीने नोंदवणार आहे.

आक्काची माया आता तुझ्या नि माझ्यात आहे, ती राखू.

तुझा मामा