टिनावर कोन चालते

मोहर्ली
ता. ४ एप्रिल

मायले हर्षाचा पायाले हात लावून जयभीम.

माय, रातभर डोळा नाई लागला. परवाबी नाई लागला. या नव्या घरात आलो तवापासून दिवस बुडला का छताच्या टिनावर कोनीतरी चालते. टक करते, थांबते, मंग कडाड, जसं काई वजनदार दबकून बसलं. मले वाटते बिबट्या हाय. मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतली बकरी नेली त्यानं. मी आचलले पोटाशी धरून बसून राह्यते.

आचलचे बाबा दिवसभर सफारीची जिप्सी चालवतात, घरी येऊन घोरतात. म्हनतात, जंगलातल्या मानसाची बायको अन् टिनाले भेते. काल शिडी लावून टार्च मारला. म्हनले, पायाचा एक ठसा नाई. मले त्यानं आखीनच भेव वाटलं. ठसा नाई तं चालते कोन?

जुन्या घरी छतावर मातीचे कवेलू होते, तिथं असं कधी झालं नाई. अन् हे टिन तं मीच जास्तीचे खिळे मारून घट्ट करवलं, वांदरं उचकतील म्हनून. आचलच्या बाबायचा फोन तळ्यात पडला, म्हनून चिठ्ठी. माय, मी काई या घरात राहात नाई. लेकीले घेऊन तिकडं येते म्हनते, जागा देशील ना.

जीव तुझ्यापाशीच हाय.
तुझी हर्षा


सावली
ता. १० एप्रिल

हर्षाले अन् नातीले मायचा आशीर्वाद, जावयाले जयभीम. सांगून मी राह्यली, लिहून आपल्या शेजारची संघप्रिया राह्यली, नववीतली.

तुझी चिठ्ठी तिनं दोनदा वाचली. पहिल्यांदा मी घाबरली, दुसऱ्यांदा हसली. लहानपनी तू मांजरीलेबी भेत होती. तरी तुझ्या भावाले, मिथुनले निरोप देला. घुग्घुसच्या खदानीतून सुट्टी भेटली का महिन्याच्या शेवटी तो तुले आनाले येते.

संघप्रिया म्हनते, मावशी, लोखंड तापलं का पसरते, थंडं झालं का आखडते. शाळेत बाईनं लोखंडाची गोळी कडीतून काढून दाखोली. तीच गोळी तापोली तं कडीतच अडकली. मी म्हनलं, पोरी, हे मले नोको शिकवू. आपल्या बैलबंडीच्या लाकडी चाकाले लोहार धाव चढवे, तवा गोवऱ्या मीच पेटवत होती. लोखंडाची ते धाव थंडी असली तं चाकावर चढतच नसे. लाल झाली का बरोबर बसे. मंग वरून पानी ओतलं का अशी आवळे का सारं चाक कडकडे. तू कानावर हात ठेवून पळे.

तुझं टिन दिवसभर तापते, दिवस बुडला का आखडते. अन् तू तं त्याले हलाले जागाच नाई ठेवली. दुपारी भर उनात त्यावर गुंडभर पानी ओतून पाह्य. आवाज आला तं समजून घे. नाई आला तं मिथुन येऊनच राह्यला.

दार मातर दिवस बुडताच लावत जाय. टिन वाजते म्हनून बिबट्या काई खोटा नाई.

आचलचे दोन मुके घेजो, एक माझा अन् एक संघप्रियाचा.
तुझी माय, गिरजाबाई


मोहर्ली
ता. १७ एप्रिल

मायले जयभीम, संघप्रियाले गोड पापा.

माय, काल दुपारी आचलले शेजारच्या चंदापाशी देलं, शिडीवर चढली अन् पान्याचा गुंड टिनावर रिकामा केला. असं कडाडलं का मी शिडीसकट खाली येत होती. टिनावर कावळाबी नव्हता. खालून चंदा म्हने, बाई, आता घराले आंघोळ घालून झाली असन तं उतर. आचलले तं खेळच झाला, आखीन कर म्हनून रडे.

आचलच्या बाबायले सारं सांगितलं. त्यायनं आज जास्तीचे खिळे काढले, बाकीच्यायची भोकं मोठी केली, खाली रबर लावले. टिनाले आता सरकाले जागा झाली. म्हनले, तुझ्या मायनं बंडीचं चाक आमच्या घरावर चढोलं. आवाज अजून येते, पन बारीक. आला का मी म्हनते, आखडून राह्यलं, अन् कुशी बदलते. आज सकाळी जिप्सीचा हॉरन वाजला तरी मी उठली नाई. चहा त्यायनंच केला.

तुझी माया आमच्यावर राहू दे.
तुझी हर्षा

ता. क. फोन अजून तांदळात वाळून राह्यला. म्हनून हे चिठ्ठी मायले जो कोनी वाचून दाखोते, संघप्रिया असो का दुसरं कोनी, त्यायले माझी इनंती हाय. मिथुनभाऊले एक फोन लावा. म्हना, बहिनीले आनाले येऊ नोको, राहाले ये.