पेशी शिवत नाही

शिरोडा, मंगळवार, संध्याकाळ

पुण्याला शिकायला जाणार म्हणाली म्हणून काल धाकट्या बहिणीवर, सुमनवर ओरडलो. तरी आज ती किनाऱ्यावर आली, मी जाळं शिवत होतो तिथेच बसली. वही माझ्या हातात दिली. "उद्या तोंडी परीक्षा आसा. इचार माका."

मी अर्ध्यात कॉलेज सोडलेला, पण विचारलं. तिने उत्तर दिलं: ऑक्सिडेशनने आरएनए बिघडला की प्रथिनं बनवणारं यंत्र त्यावर अडकतं; पेशी बहुधा तो आरएनए तोडूनच टाकते.

"शिवत नाय?"

"जाळा न्हय ता. डीएनए शाबूत आसा, तेच्यावरसून आरएनएची नवी प्रत काढता."

शिवत नाही म्हणे. माझ्या हातांना अजून पटत नाही.

"आणि माझा कालचा बोलणा?"

"तेचे तुकडे मी कालच केलंय," ती हसली. "पुण्याचो फॉर्म पण भरलंय रे."

राग शोधला, सापडला नाही. पुढचा प्रश्न विचारला.