भागूच्या वळणावरचा दगड

मळ्यातून, मंचर–घोडेगाव रस्ता
मार्च २००७

आदरणीय जानकूदाजींना हौशीरामचा नमस्कार (दोन्ही हातांनी, कारण घरात बसून लिहितोय).

तुमची कंबर आता कशी आहे? अक्का आणि पोरं मजेत असतील. इकडे आई बरी आहे, म्हणजे जेवते.

दाजी, माझा धाकटा भाऊ भागू मोबाईलवर बोलता बोलता मोटारसायकलसकट ज्या वळणावर गेला, तिथे आईने दगड मांडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही. तो बघून लोकांनी गाडी सावकाश न्यावी, एवढीच तिची इच्छा. पण कोणीतरी त्याला शेंदूर फासला, आणि ज्या भागूला घरात कोणी दुसरा चहा विचारत नव्हतं, त्याचा भागूबाबा झाला. आता जो तो वळणावर आला की हँडल सोडून हात जोडतो. जास्त भाविक असले तर डोळेही मिटतात (एक जण तर मोबाईल मानेत दाबून, बोलता बोलता जोडत होता, म्हणजे भागूच्याही पुढे गेला). परवा टोमॅटोचा पिकअप असाच नमस्कार करून थेट आपल्या कांद्यात आला. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. वाटलं, आता तरी याला अक्कल येईल. तर तो टोमॅटोच्या चिखलात उभा राहून म्हणतो, "लई जागृत हाय राव बाबा! दुसरीकडं वाचलोच नसतो." वर नारळ फोडून गेला. रस्ता सुरक्षा सप्ताहाचे साहेब फलक लावायला आले, तर त्यांच्या ड्रायव्हरनेही आधी हात जोडले. साहेब त्याच्यावर खेकसले, मग खाली उतरून त्यांनीही जोडले.

हे सांगताना हसू येतं आणि मग फार वाईट वाटतं. भागूच्या नावाने उद्या कोणाचं तरी पोरगं जायचं. आईला म्हटलं, दगड मळ्यात आणू. ती म्हणाली, "त्यो पडला तवा तिथं कुनी न्हवतं, हौशा. आता लोक हात तरी जोडत्यात."

तुमचा,
हौशीराम

ता. क. खरं काम हे आहे. आई जावयाचा शब्द मोडत नाही. येऊन तिला समजावा, दगड हलवू दे म्हणावं. मोटारसायकलवर येऊ नका, एसटीने या.

ता. क. आणखी एक. दगड हलवायच्या आधी माझी गाडी एकदा तुम्ही चालवा. त्या वळणावर मी अजून एकदाही हात जोडलेले नाहीत, हँडल कायम माझ्याच हातात असतं. मला एकदा मागे बसायचं आहे.